बारा वाजेपर्यंतची जोडी

तैवानातल्या काओशुंगच्या त्या टेनिस सामन्यानंतर त्साओ युनरोंगला सगळे खुनशी म्हणू लागले. मी तिच्या रॅकेटींना सात वर्षं तारा ओवतोय. त्या दिवशी माझं यंत्र तीन नंबरच्या कोर्टाला लागून असलेल्या तंबूत होतं. जे झालं ते मी पाहिलंय, आणि खुनशी हा शब्द ऐकला की अजून माझं डोकं फिरतं.

युनरोंग पिंगतुंगची. बापाची मासळीची तळी. एकविसाव्या वर्षी खांदा गेला, एकेरी संपली. तिचे प्रशिक्षक सर म्हणाले, दुहेरीत जाळ्यापाशी उभी राहा. ती उभी राहिली ती बारा वर्षं. जाळ्यापाशी उभं राहणाऱ्याचं नाव बातमीत दुसरं येतं आणि फोटोत बहुतेक पाठ दिसते. तिला त्याचं काही नव्हतं.

फान चियावेन तिच्याहून सहा वर्षांनी लहान. मागून मारणारी, दणकट सर्व्हिसची. दोघी पाच वर्षं एकत्र खेळल्या. मधे चियावेनच्या गुडघ्याचा स्नायुबंध फाटला तेव्हा दोन चांगल्या जोडीदारणींनी युनरोंगला कायमसाठी विचारलं होतं. ही आठ महिने थांबली. त्या काळात क्रमवारीत घसरत एकशे साठवर गेली. सकाळी चियावेनला व्यायामाला घेऊन जायची आणि येताना तिच्यासाठी सोयाबीनचं गरम दूध आणायची. मी म्हणालो, वेडी आहेस. ती म्हणाली, "तिला माझी सवय झालीय, आ-होंग. मलापण."

दुहेरीतली एक गोष्ट मला कधीच पटली नाही. गुण दोघी मिळून कमावतात, पण ते प्रत्येकीच्या नावावर वेगळे पडतात. उद्या एक उठून गेली तर तिचे गुण तिच्याबरोबर जातात. त्या हिवाळ्यात युनरोंग एक्क्याऐंशीवी होती आणि चियावेन एकोणऐंशीवी. मेलबर्नच्या मोठ्या स्पर्धेत जायला दोघींच्या क्रमांकांची बेरीज साधारण एकशे चाळीसच्या आत हवी. यांची बेरीज एकशे साठ. तरी युनरोंगने आठवडाभर आधीच दोघींचा अर्ज भरून ठेवला, कुणी माघार घेतली तर म्हणून. अर्ज नेहमी तीच भरायची. चियावेनला ते कंटाळवाणं वाटायचं.

मुदत संपायची होती काओशुंगच्या उपांत्य सामन्याच्या दिवशी दुपारी बारा वाजता.

त्या सकाळी सव्वादहाला चियावेन माझ्या तंबूत आली. युनरोंग बाकावर बसून रॅकेटच्या मुठीला पट्टी गुंडाळत होती. चियावेनने सगळं एका दमात सांगितलं. मिनागावा नावाची जपानी मुलगी, क्रमांक अठ्ठेचाळीस, मेलबर्नसाठी तिला घ्यायला तयार होती; त्यांची बेरीज आरामात आत बसत होती. बोलणं तीन आठवडे चाललं होतं. पण मिनागावाच्या प्रशिक्षकाने अर्ज टाकला तर तो घेतलाच जाईना, कारण चियावेनचं नाव आधीच युनरोंगबरोबर होतं. एक नाव एकाच जोडीत राहतं, आणि ते ज्याने भरलं त्यानेच काढायचं.

म्हणजे अर्ज अडला नसता तर ती सांगायलाही आली नसती.

युनरोंगची पट्टी गुंडाळून झाली. "तीन आठवडे," ती म्हणाली. "काल रात्री माझ्या ताटातली मासळी खाल्लीस, तेव्हा तोंड होतं ना?"

"ताई, तू चिडशील म्हणून."

"चिडलेच आहे. सामना होऊ दे."

पावणेअकराला सामना सुरू झाला. पहिला सेट टायब्रेकपर्यंत खेचला गेला आणि थोडक्यात गेला. घड्याळात अकरा छत्तीस. आता जिंकायचं तर दुसरा सेट आणि वर निर्णायक टायब्रेक, म्हणजे बारा नक्की उलटणार. कोर्टावर फोन चालत नाही.

चियावेनने पहिल्याच गेममध्ये दोन डबल फॉल्ट केले. युनरोंग पाठीमागे बोटांनी खूण करून उजवीकडे झेपावली, तर हिने सर्व्हिस भलतीकडेच टाकली. पाच वर्षांत ती खूण कधी चुकली नव्हती. समोरची मुलगी बावरून पंचांकडे पाहायला लागली. तारा ओवता ओवता माझे हात थांबले.

बाजू बदलताना युनरोंग हळूच बोलली, पण मी चार हातांवर होतो. "मेलबर्न हवंय ना? मग इथे नीट खेळ. बाकीचं मी बघते."

चियावेन घड्याळाकडे बघत पाणी प्यायली.

शून्य-सहा. सतरा मिनिटं. हात मिळवून दोघी धावतच तंबूत आल्या, म्हणजे चियावेन धावली. अकरा पंचावन्न. तिने युनरोंगचा फोन स्वतःच उचलून पुढे केला. "ताई, काढ ना. पाचच मिनिटं आहेत."

"तू सामना मुद्दाम टाकलास."

"हरलो आपण. होतं असं."

"चिया, मी जाळ्यापाशी होते."

चियावेन रडायला लागली. मेलबर्न आहे ताई, म्हणाली. पुन्हा नाही विचारणार कुणी मला, म्हणाली. युनरोंगने फोन घेतला, पिशवीत टाकला, चेन लावली आणि खांद्यावर बर्फ बांधायला घेतला. मी मधे पडलो नाही. बारा वाजून गेले.

मग व्हायचं ते झालं. चियावेनने सगळीकडे सांगितलं, की ताईला स्वतःला मिळालं नाही म्हणून माझंही मिळू दिलं नाही. टाकलेल्या सेटबद्दल अवाक्षर नाही. बोटांच्या खुणा प्रेक्षकांना कुठे दिसतात! नऊ आठवडे युनरोंगला कुणी जोडीदार मिळेना. ती ज्यांना विचारायची त्यांची उत्तरं अगदी गोड यायची.

एकदा मीच तिला म्हटलं, त्या सेटचं सांग ना लोकांना. ती म्हणाली, पाच वर्षं आमची जोडी होती, तिची चोरी मी चव्हाट्यावर मांडू?

"मग नाव तरी काढायचंस. पाच मिनिटं होती."

"जिंकायला खेळली असती, तर बारा वाजायच्या आत काढलं असतं," ती म्हणाली. "दुखापत सांगून मधेच सामना सोडला असता. बाकीचं मी बघते म्हणाले, ते हेच. तिने विचारलंसुद्धा नाही, कसं ते."