फक्त घरी चालणाऱ्या सीड्या

सीडीभाऊंचं एक वाक्य गल्लीत सगळ्यांना पाठ होतं: "सीडीत खोट नाही, तुमचं यंत्र जुनं झालंय."

पाणीपुरवठ्याच्या कचेरीतून निवृत्त झाल्यावर भाऊंनी कॅमेरा हातात घेतला आणि लोकांची लग्नं, वाढदिवस, निरोपसमारंभ टिपायला सुरुवात केली. सगळं स्वतःच शिकले. कुणाला विचारायचं म्हणजे त्यांना अंगावरचा सदरा काढून देण्यासारखं वाटे. चित्रण कापायचं, जोडायचं, वर स्वतःचं नाव मावळत्या सूर्यातून उगवताना दाखवायचं आणि सीडी राइट करून गिऱ्हाइकाच्या हातात ठेवायची. बाजारातला फोटोवाला एका सीडीला अर्धा तास घेई. भाऊंची सीडी चहा निवायच्या आत तयार असे. "हाताला वळण लागतं," ते म्हणत.

ही सीडी भाऊंच्या घरी झकास चाले. दुसऱ्या कुणाच्या घरी मात्र ती चालल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. लोक तक्रार घेऊन येत, भाऊ त्यांच्यासमोर सीडी आपल्या संगणकात घालत, चित्र नाचू लागे आणि तक्रार करणारा खजील होऊन चपला शोधू लागे. पुढेपुढे लोक तक्रार न करता सरळ पाहायलाच येऊ लागले. भाऊंच्या पुढच्या खोलीत सतरंजी कायमची अंथरलेली राहिली. भाऊंना ते दरबारासारखं वाटे. चहा टाकून टाकून हात दुखलेल्या त्यांच्या बायकोला तसं वाटत नसे.

भाऊंची थोरली बहीण दोन गल्ल्या पलीकडे एकटी राहायची. टेलिफोन एक्सचेंजमध्ये बोर्डावर बसून तिची तीस वर्षं गेली होती. नवरा मागच्या वर्षी गेला. तो नोकरीतून निवृत्त झाला तेव्हाच्या निरोपसमारंभाची सीडी भाऊंनीच केली होती. त्यात तो उभा राहून बोलतो, बोलता बोलता अडखळतो आणि हसतो. त्या माणसाचा चालताबोलता असा दुसरा तुकडा जगात कुठे नव्हता. ताईच्या जुन्या संगणकावर ती सीडी लागत नव्हती, आणि रोज उठून भावाच्या सतरंजीवर बसून नवरा बघायचा हे तिला पटत नव्हतं.

"ताई, नवीन यंत्र घे," भाऊ वर्षभर सांगत होते.

इकडे भाऊंचाच संगणक पोट भरलेल्या बैलासारखा बसून राहू लागला. कळ दाबली की विचार करायचा. दुरुस्तीवाला म्हणाला, आत जागाच उरली नाही, रविवारी येऊन सगळं पुसून देतो. "पूस खुशाल," भाऊ म्हणाले. "माझं सगळं काम सीड्यांवर आहे. घरोघरी जपून ठेवलेलं."

शनिवारी दुपारी ताई रिक्षातून उतरली. मांडीवर तिच्या संगणकाचा डबा, टॉवेलात गुंडाळलेला.

"वन्सं, हे काय आणलंत?" भावजयीने विचारलं.

"माझ्या यंत्राला भाऊच्या यंत्राशेजारी बसवते. काय म्हातारं झालंय ते तोंडावर तरी कळू दे."

दोन्ही डबे शेजारी मांडले. ताईच्या डब्यात सीडी घरघरली आणि गप्प झाली. भाऊंच्या डब्यात घातली, भाऊंनी दोनदा कळ दाबली आणि लगेच तिचा नवरा हार घालून उभा राहिला, बोलू लागला.

"बघ!" भाऊ म्हणाले.

ताई पडद्याकडे बघतच नव्हती. ती सीडीच्या खणावरचा बारका हिरवा दिवा बघत होती.

"भाऊ, दिवा बंद आहे रे."

"असेल. तू यांच्याकडे बघ."

"बोलणं चालू आणि दिवा बंद, असं आमच्या बोर्डावर तीस वर्षांत झालं नाही." असं म्हणून तिने खणाचं बटण दाबलं. खण बाहेर आला. तिने सीडी उचलून हातात धरली.

पडद्यावरचा माणूस बोलतच राहिला. अडखळला. हसला.

"सीडी माझ्या हातात आहे," ताई म्हणाली. "मग हे कुठून बोलतायत?"

भाऊंनी सीडी घेऊन पुन्हा खणात घातली. चष्मा पुसून सीडीवर काय आहे ते पडद्यावर उघडलं आणि ज्यावर ते नेहमी दोनदा कळ दाबत त्या एकुलत्या बारक्या चित्राकडे पाहिलं. चित्राच्या कोपऱ्यात एक वाकडा बाण होता. तो बाण भाऊंनी इतकी वर्षं नक्षी म्हणून पाहिला होता. सीडीवर चित्रण नव्हतंच. चित्रण भाऊंच्या संगणकात कुठे ठेवलंय, एवढं सांगणारी चिठ्ठी होती. त्या घरात ती चिठ्ठी वाट दाखवी, परक्या घरात ती कुणाला काय दाखवणार?

"म्हणजे उद्या पुसलं असतं, तर..." भाऊ म्हणाले आणि खुर्चीत बसले.

"तर माझ्याकडे चिठ्ठी राहिली असती," ताई म्हणाली.

भावजय स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, त्या दुरुस्तीवाल्याला आधी फोन करा. मग हवं तेवढं बसा."

फोन झाला. मग भाऊंनी आयुष्यातली पहिली खरी सीडी केली, जुन्या यंत्रालाही वाचता येईल अशी. पाऊण तास लागला. हिरवा दिवा सारखा लुकलुकत होता आणि ताई त्याच्यासमोरून हलली नाही. मग सीडी तिच्या डब्यात गेली, घरघरली, आणि तिचा नवरा तिच्याच म्हाताऱ्या यंत्रात उभा राहिला. ताईने त्याला शेवटपर्यंत बोलू दिलं.

मग पदराने डोळे पुसत म्हणाली, "अशी चिठ्ठी आणखी किती घरांत आहे?"

"त्रेचाळीस."

"ऊठ मग."

आठवडा सीड्या करण्यात गेला. पहिल्या सीडीसह भाऊ शिंप्याच्या दारात उभे राहिले. सीडी पुढे करत म्हणाले, "तुमच्या लेकीच्या लग्नाची सीडी. आधीची रिकामी होती. चूक माझी."

शिंपी हसला. "काहीतरीच काय भाऊ! आमचं यंत्रच जुनं होतं. म्हणून तर नवीन घेतलं."

"मग त्यावर लागली का?"

"नाही ना. ते पण लगेच जुनं झालं."

"अहो, यंत्र चांगलं आहे. मी चुकलो."

"उगाच आमच्यासाठी कमीपणा घेऊ नका," शिंपी कळवळून म्हणाला आणि त्यांना आत बसवून चहा सांगू लागला. मागे रस्त्यावर ताई उभी होती, हातात बेचाळीस सीड्यांची पिशवी.

"भाऊ," ती म्हणाली, "पुन्हा सांग. मोठ्याने."