भुकेला भिणारे अप्पा

शरणप्पांना आम्ही सगळे अप्पा म्हणत असू. अप्पा भुकेला भीत. अडतीचा धंदा, घरात ज्वारीची पोती थप्पीला लागलेली, आणि तरी दुपारचं जेवण जरा लांबलं की त्यांचा चेहरा उतरायचा. कुठं निघाले तर बंडीच्या खिशात फुटाणे असायचेच. लग्न होऊन मी उदगीरहून मन्नाएखेळ्ळीला आले तेव्हा मला वाटलं, आपले चुलत सासरे जरा खादाडच दिसतात.

खरी भीती बिडीची होती, हे मला पुढं कळलं. त्यांचे थोरले भाऊ बिड्या ओढून ओढून, रक्त ओकत गेले. निजामी संपली त्या सुमाराला अप्पांच्याही थुंकीत लाल दिसलं. बिदरच्या डॉक्टरांनी बिडी सोडायला सांगितली. घरी येऊन अप्पांनी गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेतलं आणि बिडी सोडल्याची शपथ वाहिली. पण ओढली तर मरण, न ओढली तर तगमग. खोकल्याची उबळ आली की ते अंगणात जाऊन थुंकी निरखत बसायचे, आणि आम्ही बायका आत चुलीपाशी जीव मुठीत धरून.

त्यांची बायको गौरव्वा, आमच्या अव्वा. त्यांनी नवऱ्याच्या ताटावर पाळतच ठेवली. चहा पोटात गेला की अप्पांची बोटं वळवळायची. ठेचा खाल्ला की ते उंबऱ्याशी घुटमळायचे. ताक-भाकरी आणि वर काकडी नाहीतर मुळा खाल्ला, तर मात्र बिडीचं नाव निघत नसे. एवढं ध्यानात आल्यावर अव्वांनी घरातला चहाच बंद करून टाकला. मला चहाशिवाय सकाळ झाल्यासारखी वाटत नसे, त्यामुळे मनातल्या मनात मी त्यांचा पुष्कळ उद्धार केला.

आणि मग अप्पांनीच घोळ घातला. शपथ पक्की व्हावी म्हणून त्यांनी श्रावणी सोमवारचा कडक उपास धरला. देवाच्या धाकानं बिडी लांब राहील, असं त्यांना वाटलं. पहिल्याच सोमवारी दुपारी ते दुकानात दिसेनात. अव्वा आणि मी शोधत गेलो, तर पोत्यांच्या मागं बसलेले. एका हातात गिऱ्हाइकानं टाकलेलं बिडीचं थोटूक, दुसऱ्यात काडेपेटी. दोन काड्या मोडून पायाशी पडलेल्या.

"गौरा, मी मरायलोय बघ," ते म्हणाले.

अव्वांनी त्यांना धरून घरी नेलं. भिक्षेला आलेल्या जंगम स्वामींना त्यांनी घरात बोलावलं, त्यांच्या हातानं ताटात कढी-भाकरी वाढवून घेतली आणि ते ताट प्रसाद म्हणून अप्पांपुढं ठेवलं. आम्हा लिंगायतांत प्रसादाला नको म्हणता येत नाही, ताटात कणही टाकता येत नाही. अप्पा घामाघूम झाले. उपास मोडला तर शिव कोपेल, एवढंच पुटपुटत राहिले.

"कोपला तर माझ्यावर कोपू दे," स्वामी म्हणाले. "तू जेव."

अप्पा जेवले. ताट धुऊन ते पाणीही प्याले. मग थोटूक त्यांनी आपण होऊन अव्वांच्या हातात दिलं, आणि अव्वांनी ते उकिरड्यावर टाकलं. पुन्हा अप्पांनी उपास धरला नाही. कुणी टोकलं तर म्हणत, "भूक एकटी येत न्हाई बाबा, तिच्या मागनं बिडी येती."

आपला मुलूख कोणत्या राज्यात जाणार म्हणून चावडीवर रोज वाद चालायचे, त्या दिवसांत अव्वा तापानं गेल्या. आमच्या रीतीप्रमाणे त्यांच्या देहाला विभूती लावून भिंतीशी बसवलं. भजन सुरू झालं. अंगणातल्या पुरुषांच्या बिड्यांचा वास आत येऊ लागला, तशी मला धास्ती वाटायला लागली. अप्पा सकाळपासून उपाशी होते. त्यांनी दोनदा दाराकडं पाहिलं. मग एकदम उठून ते स्वयंपाकघरात गेले, शिंक्यावरची शिळी भाकरी घेतली आणि परत येऊन अव्वांच्या समोरच खायला बसले.

भजन थांबलं. अप्पांची धाकटी बहीण पुढं झाली. "अण्णा, वहिनी अजून घरात बसलीय अन् तू खायलास? लाज न्हाई?"

"उपाशी उठलो तर आज बिडी वढीन मी," अप्पा म्हणाले. "मग हिनं मला इतकी वर्षं जगवलं कामून?"

घास त्यांना गिळवत नव्हता. तरी भाकरी संपेपर्यंत ते जागचे हलले नाहीत.