बॅटरीची गाडी आणि सिमरोलचा घाट

घाटात आणि पावसात रोज चालेल अशी ई-बाईक कोणती घेऊ, असं भाची परवा विचारत होती. तिने यूट्यूबवर इतके रिव्ह्यू पाहिलेत की एव्हाना स्वतःच एखादी बनवू शकली असती. मी तिला माझी सिमरोलच्या घाटाची सफर सांगितली, तीच इथे लिहिते. तेव्हा इंदूरच्या कापड गिरण्या एकेक करून बंद पडत होत्या आणि देश म्हणे उघडत होता.

आम्ही तिथल्या परदेशीपुऱ्यात, गिरण्यांच्या वस्तीत राहायचो. माझ्या नवऱ्याची, विनायकरावांची मिल बंद होऊन वर्ष लोटलं होतं, पण ते रोज सकाळी डबा घेऊन गेटवर जात. तिथे त्यांच्यासारखेच बरेच जण जमत, मिल कधी उघडणार यावर चर्चा करत, डबा खात आणि दमून घरी येत. मला मात्र घाटाखालच्या एका गावात शाळेत नोकरी लागली होती. सोमवारी हजर व्हायचं होतं. बस मनाला येईल तेव्हा यायची. गाडी जमली नाही तर नोकरी गेली, आणि घरात दुसरी मिळकत नव्हती. तरी विनायकरावांच्या लेखी ती ‘मिल उघडेपर्यंतची’ नोकरी होती.

गाडी निवडायला बैठक बसली. चहा माझा, मतं पुरुषांची. थोरल्या दिरांनी मोटारसायकल सुचवली. साडी नेसून किक कशी मारायची, हा प्रश्न त्यांना पडला नाही. गेटवरच्या एकाने जुनी स्कूटर देऊ केली, ती सुरू करण्याआधी आडवी करावी लागे. शेवटी एका नव्या दुकानात बॅटरीवर चालणारी मोपेड सापडली. उदारीकरणाच्या ज्या फळांबद्दल पेपरात येत होतं, त्यातलं एक आम्ही पहिल्यांदाच जवळून पाहत होतो. दुकानदार अस्सल इंदुरीत म्हणाला, “भिया, घाट तो ये सोते-सोते चढ़ जाएगी.” विनायकरावांनी चक्कर मारली, दिरांनी मारली, रस्त्यावरच्या एका अनोळखी गृहस्थांनीही मारली. मी लग्नाआधी वडिलांची मोपेड चालवायचे, पण मला कोणी विचारलं नाही.

रविवारी दुकानदाराने गाडी दिवसभर नेऊ दिली. विनायकराव पुढे, मी मागे, मांडीवर चार्जर. शहराबाहेर पडताना भंवरकुआंला पोहे-जलेबी खाल्ली. जाणाऱ्यांनी तिथेच पोट भरून घ्यावं, कारण पुढे खंडवा रोडवर खड्डे सोडून फार काही मिळायचं नाही. सिमरोलला पाऊस लागला. बटणांवर प्लॅस्टिकची पन्नी बांधली आणि घाट उतरलो. उतारावर गाडी सुसाट निघाली आणि विनायकराव देशाच्या प्रगतीबद्दल बोलू लागले. उतारावर हातगाडीसुद्धा धावते, हे मी मनातच ठेवलं.

खाली शाळेपाशी पोहोचलो, तर तिथे वीज नव्हती. शेजारच्या पिठाच्या चक्कीवाल्या बाईंनी चार्जर लावू दिला आणि रोज लावायलाही हो म्हणाल्या. दुपारभर तिथेच बसलो. बॅटरी भरल्यावर परत निघालो, तर दुसऱ्याच वळणावर गाडी कण्हली आणि थांबली. विनायकरावांनी पायडल मारून पाहिलं. चप्पल निसटली, गाडी हलली नाही.

“फेल आहे गाडी,” ते म्हणाले. “सोमवारचं राहू दे. मिल उघडेलच.”

त्यांच्या आवाजात सुटल्याचं समाधान होतं, त्याचा मला भयंकर राग आला.

“रोज ही गाडी कोण चालवणार?”

“तू.”

“मग तुम्ही उतरा.”

ते उतरले. मी पदर खोचला आणि निघाले. वळणावळणाला पायडल मारावे लागले, ट्रकवाले हॉर्न देत होते, पाऊस थेट डोळ्यांत जात होता. पण गाडी कुरकुरत का होईना, चढत राहिली. सिमरोलला चहाच्या टपरीवर बसले तेव्हा मला अतोनात आनंद झाला होता.

बऱ्याच वेळाने केळ्यांच्या ट्रकमधून विनायकराव उतरले. निथळत समोर बसले. अर्धा चहा संपवला.

“गाडी ठीक आहे,” मग म्हणाले. “दोघांची नाही, एकटीची आहे.” आणि कपाकडे बघत, “और सुन, मिल अब नहीं खुलेगी. गेटवर सगळ्यांना माहितीये. बोलत कोणी नाही.”

मी त्यांच्यासाठी आणखी एक चहा सांगितला. परतीच्या सपाट रस्त्यावर गाडी मी चालवली, ते मागे बसले. वाटेत दुकानात थांबून गाडी पक्की केली.

घरी आल्यावर त्यांनी गल्लीभर सांगितलं की घाटात गाडीला एकच माणूस झेपतो, हे आपण स्वतः तपासून पाहिलं. मी सांगू दिलं. भाचीला मात्र बजावलंय, जी रोज चालवणार तिनेच घाट चढून बघायचा, आणि तोही पावसात.

सोमवारी सकाळी हँडलला विनायकरावांचा मिलचा डबा लटकत होता. भरलाही त्यांनीच होता. पोळ्या वातड आणि भाजीत मीठ दोनदा पडलेलं. शाळेत बसून मी तो सगळा संपवला, आणि संध्याकाळी घाट चढून घरी आल्यावर मीठ जास्त झाल्याचं सांगितलं. दुसऱ्या दिवशी बेताचं होतं.