उधन्यातली ब्रोकोलीची रोपं

आज गच्चीवर ट्रेमधून ब्रोकोलीचं रोप काढताना एक पान चुरगळलं आणि मोहरीसारखा उग्र वास बोटांना लागला. मी तिथेच बसून राहिलो.

चौऱ्याण्णव साल, सुरतेतलं उधना. आमच्या खोल्यांमागच्या वाफ्यात मी आणि शेजारचे नथूकाका हीच रोपं लावत होतो. काका खानदेशातले, लूमवरचे कारागीर, एकटेच राहायचे. ओळ सरळ यावी म्हणून त्यांनी लूमवरचा धागा ताणून बांधला होता. अठ्ठेचाळीस रोपं, दीड-दीड फुटांवर.

“हे लीलं फ्लॉवर खाईसन आपन शेठ व्हसूत का रे?” हिरव्याला गुजराती ‘लीलं’ म्हणत ते हसत होते.

दुसऱ्याच दिवशी प्लेगची बातमी पसरली आणि गल्ली रिकामी होऊ लागली. मी बायको-मुलांना घेऊन निघालो, तेव्हा काका वाफ्याशी उभे होते.

“तू जाय भाऊ. मी पानी देसू.”

“रोपाला अर्धा तांब्या, काका. जास्त नको, मुळं कुजतील.”

एकोणीस दिवसांनी आम्ही परतलो. अठ्ठेचाळीसपैकी सत्तेचाळीस रोपं ताठ उभी होती. पाऊस नसतानाही माती ओली होती. काकांच्या खोलीला मात्र कुलूप होतं. गावी ते पोहोचले नव्हते, दवाखान्यांतही नाव सापडलं नाही. आठवडाभर मी पहाटे वाफ्याशी थांबलो. पाणी घालायला कोणीच आलं नाही.

गल्ली सोडली त्या दिवशी स्टेशनला जाताना रिक्षात आम्ही चौघं होतो आणि पाचव्याला जागा होती. रोपं जगायला हवी होती, म्हणून मी “चला काका” म्हटलं नाही.