थुंकी आणि बेडका

बेडका मागावा आणि लोकांनी थुंकी आणून द्यावी, यावर चिडण्यातच अमीनभाईंची निम्मी नोकरी गेली. पुण्यातल्या एका क्षयाच्या दवाखान्यात ते काचपट्ट्या तपासत. "अहो काका, जंतू छातीत असतात, गालात नव्हे. सकाळी नीट खोकून काढा," असं म्हणून ते नमुन्याची डबी परत देत. समोरचा ओशाळून निघून जाई.

सूक्ष्मदर्शकाखाली हे लपत नसे. खऱ्या बेडक्यात पुवाच्या बारीक पेशींची दाटी असते, आणि क्षय असला की त्यात जंतूंच्या लाल काड्या दिसतात. नुसत्या थुंकीत गालाच्या पेशी, मोठ्या, चपट्या, फिकट निळ्या, मधोमध गडद केंद्रक असलेल्या. तशी पट्टी दिसली की डबी परत द्यायची, असा नियम होता.

१९६८ साली त्यांची बायको अमिनाबी दोन महिने खोकत होती. मुलगी नसीमबानूचं लग्न खडकीला ठरलं होतं. क्षयाचं नाव निघालं असतं तर ते मोडलंच असतं. अमीनभाईंनी घरी डबी नेली, अमिनाबीने ती मुकाट्याने भरून दिली.

काचेवर सगळ्या गालाच्याच पेशी. तिने मुद्दाम थुंकी दिली होती. अमीनभाईंना ते कळलं, आणि खरं सांगायचं तर हायसं वाटलं. त्यांनी इमानदारीने शंभर ठिकाणं तपासली आणि लिहिलं, "जंतू आढळले नाहीत." त्यात एक अक्षर खोटं नव्हतं.

लग्न थाटात झालं. त्यानंतर आठव्या महिन्यात अमिनाबीच्या तोंडून रक्त आलं. औषधं होती, पण वेळ निघून गेली होती; ती गेली. चौथ्या दिवशी अमीनभाई कामावर हजर. माणूस धीराचा, असं लोक म्हणाले. धीर कसला, रडूच येत नव्हतं. अंगाला चिमटा काढला तरी दुसऱ्या कुणाला काढल्यासारखं वाटे.

पुढच्या वर्षी नसीमबानू खोकत माहेरी आली. तिच्याही डबीत थुंकीच निघाली.

"उद्या पुन्हा दे. छातीतून आलं पाहिजे."

तिने रिकामी डबी हातात घेतली. "अब्बा, अम्मीला किती वेळा परत द्यायला लावलं होतं?"

"एकदाही नाही."

आता तरी आत काहीतरी तुटेल, म्हणून अमीनभाईंनी वाट पाहिली. काहीच झालं नाही.

"आधी चूळ भर," ते म्हणाले, "मग खोक."