दीड वर्षाच्या तारा

"दीड वर्ष," तारा लावताना दातांचे डॉक्टर म्हणाले होते. ताईचं लग्न ती बी.ए. झाल्यावरच करायचं, असं वडिलांनी ठरवलं होतं, म्हणजे दोन वर्षं हातात होती. लग्नाच्या फोटोत ताईशेजारी उभं राहून दात दाखवून हसायचं, हे मी त्याच दिवशी पक्कं केलं.

मंगळवार पेठेतल्या आमच्या गल्लीत तारा लावलेली मी एकटीच. "हसू नगं, शॉक बसंल की," पोरं ओरडायची. मग मी ओठ मिटून हसायला शिकले. दर महिन्याला डॉक्टर तार आवळायचे. पुढचे दोन दिवस दुधात कुस्करलेली भाकरी. "अजून किती?" विचारलं की "होतंय, होतंय." त्या शब्दाची मला चीड यायची.

सव्वा वर्ष झालं तेव्हा आम्ही नेसरीला मामाच्या गुऱ्हाळावर गेलो. मी रस मागितला. मामा विळ्याने ऊस तोडत म्हणाला, "रस म्हाताऱ्यांनी प्यायचा. तुला दात हायत न्हवं?"

"मामा, तारा आहेत."

"तारंनं बांधल्यात म्हंजे जास्तच घट्ट की. चाव."

गुऱ्हाळावरची सगळी माणसं बघत होती. मला नाही म्हणवलं नाही. दुसऱ्याच पेराला दाढेवरची पट्टी निखळली आणि तार वाकली. घाबरून मी महिनाभर कुणाला सांगितलं नाही, तेवढ्यात जागेवर आलेले दात पुन्हा सरकले. "आता आणखी सहा महिने धरा," डॉक्टर म्हणाले. त्या सहाचं वर्ष झालं. मामाचा राग आला, डॉक्टरांचा आला, स्वतःचा तर सगळ्यात जास्त आला.

ताईचं लग्न माझ्या तारांसकटच झालं. एकाही फोटोत माझे ओठ उघडे नाहीत. "धाकटी रुसली होती का?" ताईच्या सासूबाई अल्बम उघडला की विचारायच्या.

अखेर तारा निघाल्या. मी त्याच संध्याकाळी स्टुडिओत गेले. फोटोग्राफर "हसा" म्हणाला, मी मनापासून हसले. फोटो मिळाले तसे एक ताईला पाठवून दिला, बघत बसले नाही.

आठवड्याने तिचं कार्ड आलं. "फोटो छान आलाय. तारा कधी निघणार गं?"

पाकिटातली उरलेली कॉपी काढून बघितली. ओठ गच्च मिटलेले होते.