म्हशीचा मागचा पाय

काल निघोज्यात गॅरेजवाल्याने गाडीची किल्ली हातात दिली, तिला ऑइलचा वास होता. आमच्या आकुर्डीच्या घरात अप्पा शिफ्टवरून आले की हाच वास पसरायचा.

मी दिग्दर्शित केलेलं पहिलं कार्टून टीव्हीवर लागलं, त्या संध्याकाळी आई रडली. त्यातल्या म्हशीची चाल काढण्यात माझे तीन महिने गेले होते. अप्पा कंपनीत माल तपासायचे. ते एवढंच म्हणाले, "मागचा डावा पाय उशिरा पडतोय."

"अप्पा, एकदा तरी चांगलं म्हणा की," मी वैतागून म्हणाले आणि जेवलेच नाही.

दुसऱ्या दिवशी चित्रं पाहिली. पाय खरंच उशिरा पडत होता. आणखीच चीड आली.

आता चॅनेलवाले मोबाईल चाळत माझं काम बघतात आणि "मस्त" म्हणतात. अप्पांइतकं निरखून पुन्हा कुणी पाहिलंच नाही.